झाडांना रविवार नसतो

रविवारीं सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास, देवाजवळ दिवा लागला कीं, आमच्या माजघरांत एक लहानसा दरबार भरतो. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेच्या ईशान्य भागांतील एका कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकत आहे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे साडेसहा वाजतात तेव्हां तिकडे त्याच रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात. त्या वेळीं तिची मूर्ति दूरध्वनीच्या पडद्यावर उगवते, आणि आमच्या मातुःश्रींपासून घरांतील शेंडेफळापर्यंत नऊ माणसें त्या वीतभर पडद्याभोंवतीं दाटी करून बसतात.

गेल्या डिसेंबरांतील एका रविवारीं मात्र तिच्या पाठीमागें नेहमींची खोली दिसेना. दिसत होतें तें केळीचें एक रुंद पान, त्यामागें घामाघूम झालेली कांचेची भिंत, आणि कांचेपलीकडे पांढरें शुभ्र बर्फ. तिच्या एका हातांत पाण्याची रबरी नळी होती.

“आजी, मी आत्तां कामावर आहे.”

मातुःश्रींनीं चष्मा सांवरला. “कामावर? कसल्या?”

“कॉलेजच्या कांचघरांत. शनिवारीं आणि रविवारीं सकाळीं चार-चार तास. झाडांना पाणी घालायचं, वाळकीं पानं काढायचीं, कुंड्या हलवायच्या, शेवटीं फरशी धुवायची. तासाप्रमाणं पैसे मिळतात.”

‘फरशी धुवायची’ हे शब्द ऐकतांच माजघरांत क्षणभर शांतता पसरली. मग मातुःश्री हळू आवाजांत, परंतु सर्वांना ऐकूं जाईल अशा बेतानें म्हणाल्या, “एवढा पैसा खर्चून हिला शिकायला धाडलं, आणि तिथं जाऊन ही माळीकाम करते!”

वाचकांपाशीं खोटें कशाला बोलूं? मातुःश्री जें बोलल्या तेंच माझ्याहि मनांत आलें होतें. वय त्यांचें असल्यामुळें बोलण्याचें धैर्य त्यांनीं केलें, इतकेंच. आमच्या घराण्यांत तीन पिढ्या शिक्षकी आणि वकिली चालत आली आहे. श्रमप्रतिष्ठेवर मीं स्वतः निरनिराळ्या ठिकाणीं तीन व्याख्यानें दिलीं आहेत आणि तिन्ही वेळां टाळ्याहि पडल्या आहेत; परंतु आमच्या घरची मोरी मीं कधीं घासल्याचें मला स्मरत नाहीं.

“पण शनिवार-रविवार कशाला?” बंधूंनीं विचारलें. “अभ्यासाचे दिवस ते.”

“इथल्या पगारी माळ्यांना त्या दोन दिवशीं सुटी असते ना! म्हणून विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावतात. झाडांना रविवार नसतो, बाबा.”

आमच्या सौभाग्यवती मागें बसून मेथी निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “पोटाला तरी कुठं असतो? पण तुझ्या त्या माळ्यांना बदली माणूस मिळतो, हें चांगलं आहे हो.”

मंडळी हंसलीं. मीहि हंसलों. परंतु तें वाक्य मेथीच्या काडीसारखें दातांत अडकून राहिलें. त्याविषयीं पुढें येईलच.

तिकडील रीत आधीं सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील कॉलेजांत विद्यार्थ्यांनीं ग्रंथालयांत, भोजनगृहांत, प्रयोगशाळेंत किंवा बागेंत तासाच्या मजुरीवर काम करणें ही नित्याची गोष्ट आहे. गरजू विद्यार्थ्यांच्या अशा कामाला सरकारी द्रव्यसाहाय्य देण्याची योजना तेथें १९६४ च्या एका कायद्यानें सुरू झाली. परदेशी विद्यार्थ्यांना तें साहाय्य मिळत नाहीं. तथापि सत्र चालूं असतांना कॉलेजच्या आवारांत आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा त्यांना असते. आवाराबाहेर वाटेल तेथें नोकरी करण्याची मुभा मात्र नसते. केंटकी संस्थानांतील बेरिया कॉलेजानें तर हा पायाच धरला आहे. १८५५ सालीं स्थापन झालेली ही संस्था १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षणाची फी घेत नाहीं. आणि तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास, तो कोणाचाहि कोण असो, आठवड्यास निदान दहा तास संस्थेचें काम करावें लागतें.

आतां त्या कांचघराविषयीं. बाहेर बर्फ पडत असतां आंत केळ आणि वेलदोडा कसा जगतो, हा प्रश्न आमच्या शेंडेफळानें विचारला तेव्हां मला पुस्तकें चाळावीं लागलीं. सूर्याचा प्रकाश कांचेंतून आंत येतो, जमीन आणि कुंड्या तापवितो, त्यांच्या योगानें आंतली हवा तापते. मोकळ्या मैदानांत अशी तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागीं गार हवा येते. कांचघरांत तिला वाट नसते. कांच आंतली उष्णता परतवून लावते म्हणूनच ऊब राहते, अशी पुष्कळांची समजूत होती. १९०९ सालीं रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें दोन पेट्या घेतल्या. एकीवर कांच बसविली आणि दुसरीवर सैंधवाची पातळ वडी, कारण सैंधवांतून उष्णतेचे किरण आरपार जातात. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तेव्हां ऊब टिकते ती मुख्यतः हवा कोंडली गेल्यामुळें, असें ठरलें.

जें रात्रीं तारतें तेंच दुपारीं मारतें, ही या घरांतील खरी मेख. बाहेर कितीहि थंडी असली तरी ऊन लख्ख पडलें आणि छपराचीं झडपें उघडलीं नाहींत, तर आंतली हवा पाहतां पाहतां भाजून काढते. उलट रात्रीं बाष्पाची किंवा गरम पाण्याची यंत्रणा बंद पडली, तर उष्ण देशांतील झाडें सकाळपर्यंत मान टाकतात. हल्लीं झडपें उघडण्यास विजेचीं यंत्रें आहेत, उष्णता वाढली कीं घंटा वाजते. परंतु झडप अडकते, नळी फुटते, आणि पानाच्या पाठीवर पिठ्या ढेकणांनीं संसार थाटला आहे हें यंत्राला कळत नाहीं. त्यासाठीं डोळे असलेलें माणूस लागतें, आणि तें रोज लागतें.

पुतणीची पाळी कशी चालते तें तिनें आम्हांस क्रमानें सांगितलें. आल्याबरोबर नळीला हात लावायचा नाहीं. आधीं खुंटीवरची वही वाचावयाची. काल कोणीं काय केलें, कोणत्या खोलींत पाणी दिलें, कोठें किडा दिसला, हें तींत लिहिलेलें असतें. मग प्रत्येक खोलींतील उष्णतामापक पाहावयाचा. मग एक फेरी नुसती पाहण्याची, हात मागें बांधून. त्यानंतर पाणी, आणि तेंहि सरसकट नाहीं. कुंडी किंचित् उचलून पाहावयाची. कोरडी माती हलकी लागते, ओली जड. वरची माती सुकलेली दिसली तरी खालीं ओल असूं शकते, म्हणून बोट पेराभर आंत घालावयाचें. कुंडींतलीं झाडें पाण्यावांचून मरतात त्याहून अधिक फाजील पाण्यानें मरतात, असें जाणते माळी सांगतात; कारण मुळांनाहि श्वास लागतो आणि मातींतल्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं तीं गुदमरून कुजतात. पाणी शक्यतों सकाळींच द्यावयाचें, म्हणजे रात्रीपूर्वीं पानें सुकतात आणि बुरशी धरत नाहीं. शेवटीं झाडलोट, फरशी, आणि पुन्हां वही.

हें ऐकून मातुःश्रींचा सूर थोडा उतरला. “आपल्या आडावरच्या बागेला मीहि सकाळींच पाणी घालीत असें,” त्या म्हणाल्या; परंतु ‘माळीकाम’ हा शब्द कांहीं त्यांनीं मागें घेतला नाहीं.

पुढें फेब्रुवारींत एका रविवारीं पडद्यावर मुलीचा चेहरा उतरलेला दिसला. बरेंच आढेवेढे झाल्यावर तिनें हकीकत सांगितली.

कांचघरांत वाळवंटी झाडांची एक वेगळी खोली आहे. तेथें एका उथळ कुंडींत लिथॉप्स नांवाचीं पांच रोपें होतीं. हीं झाडें दक्षिण आफ्रिकेकडील. दोन जाड पानें एकमेकांस चिकटलेलीं, रंगानें आणि आकारानें हुबेहूब खड्यांसारखीं. गोट्यांत पडलेलीं असलीं तर जनावराला ओळखूं येऊं नयेत अशी निसर्गाची युक्ति. तेथील मुख्य माळ्यानें तीं सतरा वर्षांपूर्वीं बीं पेरून वाढविलीं होतीं. कुंडींत एक चिठ्ठी खोंचलेली होती: ‘वसंतापर्यंत पाणी नको.’

जानेवारींत तीं रोपें सुरकुतूं लागलीं. मुलीनें चिठ्ठी वाचली होती. परंतु इतर सर्व झाडांना पोटभर पाणी मिळत असतां हींच पांच सुकत आहेत, हें तिला पाहवेना. एका रविवारीं तिनें त्यांना थोडें पाणी घातलें. पुढच्या रविवारीं तीं जराशीं टवटवीत वाटलीं, म्हणून पुन्हां घातलें. दुसर्‍या दिवशीं परीक्षा असल्यामुळें ती घाईंत होती; वहींत त्या खोलीपुढें तिनें नेहमींप्रमाणें ‘पाणी दिलें नाहीं’ असें लिहून टाकलें. तिसर्‍या रविवारीं पाहते तों रोपें फुगून मऊ पडलेलीं. आणि बोट लावतांच त्यांतलीं तीन बुडापासून निखळलीं.

त्या सकाळीं कांचघरांत ती एकटीच होती. वही तिच्या बाजूनें साक्ष देत होती. बुरशी लागली, दमट हवा झाली, असें म्हटलें असतें तर खपून गेलें असतें. उलट खरें सांगितलें तर काम जाण्याची भीति होती, आणि आवाराबाहेर दुसरें काम धरण्याची तिला मोकळीक नव्हती. त्या मजुरीवर तिचीं पुस्तकें आणि महिन्याचा वरखर्च चालत असे. दहा मिनिटें ती त्या कुंडीपुढें उभी होती, असें ती म्हणाली. मग तिनें वहीचीं मागचीं दोन पानें उलटलीं, दोन्ही ठिकाणीं आपल्या हातचें वाक्य खोडलें, ‘मीं पाणी दिलें’ असें लिहून खालीं सही केली, आणि फरशी धुऊन ती वसतिगृहावर गेली.

सोमवारीं मुख्य माळ्यानें तिला बोलावलें. तो रागावला नाहीं. त्यानें कोणत्या तारखेस किती पाणी दिलें तें विचारून टिपून घेतलें. मग कुजलेल्या रोपांतलें एक चाकूनें उभें चिरलें आणि तिच्यापुढें धरलें. सुरकुतलेल्या जुन्या पानांच्या पोटांत नव्या पानांची एक इवलीशी जोडी होती. या झाडाची रीतच अशी कीं, जुनीं पानें आपल्यांतलें पाणी नव्या जोडीला देतात आणि स्वतः वाळत वाळत कागदासारखीं होतात. त्या काळांत बाहेरून पाणी मिळालें तर जुनीं पानें वाळत नाहींत, नवीं नीट सुटत नाहींत, आणि सगळेंच झाड कुजतें. सुरकुती हें तहानेचें लक्षण नव्हतें. तें घर चालूं असल्याचें लक्षण होतें.

“मग?” आमच्या बंधूंनीं अधीरपणें विचारलें.

“मग ते म्हणाले, पुढच्या रविवारीं आठला ये. वही आधीं वाच.”

माजघरांत कोणी बोलेना. सर्वांच्या आधीं मातुःश्री बोलल्या. “म्हणजे जुन्या पानांचं पाणी नव्यांनीं प्यायचं आणि जुन्यांनीं वाळायचं, असंच ना?”

“हो, आजी.”

“मग त्यांत दया यायसारखं काय होतं? तूं उगाच मधे पडलीस.”

हें त्यांनीं इतक्या सहजपणें म्हटलें कीं, मुलीला रडतां रडतां हंसूं आलें. मीं मात्र मातुःश्रींच्या हातांकडे पाहिलें आणि मान खालीं घातली.

त्या रात्रीं मला झोंप लवकर आली नाहीं. मुलीच्या मनांत माया नव्हती असें कोण म्हणेल? माया होती म्हणूनच तर तिनें पाणी घातलें. कमी पडलें तें लक्ष. आपल्याला कळवळा आला म्हणजे समोरच्याची गरज आपल्याला समजली, असें आपण धरून चालतों. जिवंत वस्तूची निगा राखणें हें नुसतें अंतःकरणाचें काम नाहीं. तें डोळ्यांचें, बोटांचें, स्मरणाचें आणि ज्ञानाचें काम आहे, आणि तें रोजचें आहे. मग असें काम ज्याला येतें त्याला आपण ‘नुसता माळी’ कां म्हणतों? आणि घरांत तेंच काम जी करते तिच्याविषयीं ‘ती काय, घरींच असते’ असें कां म्हणतों?

दुसर्‍या दिवशीं मीं कपाटांतून वीणा गवाणकरांचें ‘एक होता कार्व्हर’ काढलें. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक ज्या मराठी घरांत नाहीं असें घर विरळा. मातुःश्रींस त्यांतील हकीकत मीं पुन्हां सांगितली. गुलामगिरींत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ सालीं आयोवा संस्थानाच्या कृषि कॉलेजांत दाखल झाले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पोटासाठीं त्यांनीं पडेल तें काम केलें. १८९४ सालीं पदवी मिळाल्यावर त्याच कॉलेजांत त्यांची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली, आणि त्यांच्या हवालीं काय केलें? तेथील कांचघर! १८९६ सालीं ते टस्कीगीस गेले आणि १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच शिकवीत राहिले.

“म्हणजे तोहि कांचघरांतलाच!” मातुःश्री म्हणाल्या.

“होय. आणि कॉलेजांत आला तेव्हां त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसूं देत नसत. तळघरांत नोकरमाणसांबरोबर जेवावें लागे.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या माहेरीं बागेला पाणी देणारा गडी होता. त्याचं पान अंगणांत मांडीत. त्याचीं केळीं मात्र देवघरांत येत.” एवढें बोलून त्या जपाला बसल्या. त्या दिवसापासून ‘माळीकाम’ हा शब्द त्यांच्या तोंडून त्या सुरांत मीं ऐकलेला नाहीं.

हें सर्व परक्या देशांतलें, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं सातार्‍यास वसतिगृह उघडलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहात, एकत्र जेवीत, आणि आपल्या हातांनीं कष्ट करून शिकत. ‘कमवा व शिका’ हा शब्द त्या घामांतून मराठींत रुजला. आणि त्या मुलांच्या पोटाला रविवार नव्हता हें ज्यांनीं ओळखलें, त्या लक्ष्मीबाई पाटील. वसतिगृहांतील धान्य संपलें तेव्हां त्या माउलीनें आपलें मंगळसूत्रहि काढून दिलें. भाऊरावांचें नांव आपण आदरानें घेतों, तें योग्यच आहे. लक्ष्मीबाईंचें नांव त्याच दमांत किती जण घेतात?

सौभाग्यवतींचें तें वाक्य येथें पुन्हां आठवलें. मार्चपासून आमच्या घरीं एक व्यवस्था केली आहे ती वाचकांपुढें ठेवतों. अनुकरण करावें असा आग्रह नाहीं. स्वयंपाकघरांत खुंटीवर एक वही टांगली आहे. रविवारीं सकाळचा स्वयंपाक, तुळशीचें आणि गच्चीवरच्या कुंड्यांचें पाणी, आणि मोरी, हें बंधूंनीं, मीं आणि दोघां चिरंजीवांनीं आळीपाळीनें करावयाचें. पहिल्या रविवारीं आमटी करपली आणि मोगर्‍याला तिघांनीं तीनदां पाणी घातलें, कारण वही कोणीच वाचली नव्हती. दुसर्‍या रविवारीं सौभाग्यवतींनीं न विचारतां आंत येऊन फोडणी दिली. त्यांना सुटी घ्यावयास शिकविणें हें आम्हांला काम शिकविण्याइतकेंच अवघड आहे असें दिसतें. तिसर्‍या रविवारीं त्या शेजारच्या काकूंकडे जाऊन बसल्या. जातांना वहींत एक ओळ लिहून गेल्या: ‘डाळ हाताला लागेल तेवढीच घ्यावी. गॅसचें बटण पाहावें. मी जेवायला येईन.’ मीं आजवर दिलेल्या तीन व्याख्यानांहून ती ओळ मला अधिक उपयोगी वाटते.

आतां मे महिना आहे. तिकडे घड्याळें एक तास पुढें सारलीं असल्यामुळें मुलगी कामावर आल्याच्या तासाभरानें आमच्याशीं बोलते. गेल्या रविवारीं तिनें दूरध्वनि त्या उथळ कुंडीजवळ नेला. पांचांपैकीं दोन रोपें राहिलीं आहेत. जुनीं पानें वाळून तपकिरी पापुद्र्यासारखीं झालीं आहेत, आणि त्यांना चिरून करड्या रंगाची नवी जोडी वर आली आहे. चिठ्ठी आतां काढली आहे; बेतानें पाणी सुरू झालें आहे.

मातुःश्रींनीं चष्मा लावून बराच वेळ तें पाहिलें. मग विचारलें, “तो पापुद्रा काढून टाकायचा कीं राहूं द्यायचा?”

“राहूं द्यायचा, आजी. आपोआप गळतो.”

“बरं तर,” त्या म्हणाल्या. “आधीं वहींत लिही, आणि मग जेव.”